घाबरलेल्या माणसाची मूठ

सरकारी खरेदी समितीत ‘वित्त सदस्य’ नावाचे एक पात्र असते. काय हवे ते तांत्रिक सदस्याने सांगायचे, केव्हा हवे ते वापरकर्त्या विभागाने सांगायचे आणि ‘हे खरोखरच हवे आहे काय?’ असे वित्त सदस्याने विचारायचे, अशी ही श्रमविभागणी आहे. अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत आलेल्या माझ्यासारख्याच्या वाट्याला ही भूमिका वारंवार आली. आणि खरे सांगायचे तर ती मला आवडतही असे. यंत्रांतले काही कळत नसताना यंत्रे जाणणाऱ्यांना अडचणीत आणणारे प्रश्न विचारण्याचा अधिकार नियमानेच मिळत असेल, तर तो कोणाला आवडणार नाही?

2018 सालची गोष्ट. उत्तर भारतातील एका सरकारी कार्यशाळेसाठी वेल्डिंग करणारा रोबो घ्यायचा होता. निविदापूर्व बैठकीत एका पुरवठादाराने एक अट शिथिल करण्याची विनंती केली. रोबोला काम ‘शिकवण्यासाठी’ जे हातात धरायचे उपकरण असते, ज्याला टीच पेंडंट म्हणतात, त्यावर तीन स्थितींचा एनेबलिंग स्विच असावा, अशी ती अट होती. दोन स्थितींचा स्विच असलेला जुन्या धर्तीचा पेंडंटही चालवून घ्यावा, किंमत कमी होईल, असे त्याचे म्हणणे. बैठक संपल्यावर मी आमच्या तांत्रिक सदस्याला माझा ठरलेला प्रश्न विचारला. स्विच म्हटला की तो चालू असतो किंवा बंद असतो. ही तिसरी स्थिती कशाला हवी?

तांत्रिक सदस्य तिरुनेलवेलीकडचा तरुण अभियंता होता. मितभाषी. तो म्हणाला, ‘‘सर, तुमचा स्टेपलर हातात घ्या. अर्धा दाबून धरा, पिन बाहेर पडणार नाही इतकाच.’’ मी धरला. तो पेंडंटविषयी काही सांगू लागला, उठून माझ्या मागच्या कपाटाकडे गेला आणि तिथले बांधणी केलेले एक जाडजूड रजिस्टर त्याने उचलून माझ्या खुर्चीमागे जमिनीवर आपटले. मी दचकलो. पाहतो तो टेबलावर पिन पडलेली.

‘‘सर,’’ तो शांतपणे म्हणाला, ‘‘यंत्र बंद करायला हवे होते त्या क्षणी तुम्ही ते चालू ठेवलेत.’’

या प्रात्यक्षिकातच सगळे उत्तर होते. तरी वाचकांसाठी ते थोडे उलगडून सांगतो. कारखान्यातला रोबो एरवी कुंपणाआड काम करतो आणि कुंपणाचे दार उघडले की थांबतो. पण त्याला नवे काम शिकवायचे असेल तेव्हा कोणाला तरी कुंपणाच्या आत जावेच लागते. हातात पेंडंट घेऊन, रोबोच्या बाहूपासून हातभर अंतरावर उभे राहून, ‘इथे ये, इथे वळ, इथे थांब’ असे एकेक बिंदू करून शिकवावे लागते. म्हणजे ज्या यंत्रापासून माणसाला दूर ठेवण्यासाठी कुंपण घातले, त्याच यंत्राजवळ, ते जिवंत असताना, माणूस उभा असतो. अशा वेळी रोबोची गती सेकंदाला 250 मिलिमीटरांहून अधिक असू नये, असे रोबोंच्या सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय मानक सांगते. ही गती अशासाठी की धोका दिसला तर माणसाला बाजूला होता यावे. आणि दुसरे रक्षण म्हणजे हा स्विच.

तो पेंडंटच्या मागच्या बाजूला, जिथे बोटे आपसूक येतात तिथे असतो. तो दाबल्याने रोबो हलत नाही. हलण्याची केवळ परवानगी मिळते. हुकूम वेगळ्या बटणाने द्यायचा. स्विच सोडलेला असेल तर परवानगी नाही. मध्यापर्यंत, बेताने दाबलेला असेल तर परवानगी आहे. आणि पूर्ण आवळला तर पुन्हा परवानगी नाही. इतकेच नव्हे, तर आवळलेली मूठ सैल होताना स्विच मधल्या स्थितीतून परत जातो, त्या वेळीही यंत्र पुन्हा सुरू होऊ नये, अशी त्याची रचना असते. कारण साधे आहे. माणूस दचकला की दोहोंपैकी एक गोष्ट करतो : हातातले टाकून देतो किंवा ते घट्ट आवळतो. कोण केव्हा काय करील, हे त्याला स्वतःलाही आधी सांगता येत नाही. म्हणून दोन्ही टोकांना ‘बंद’ ठेवायचे आणि ‘चालू’ला मधली अरुंद जागा द्यायची. शांत चित्ताने धरलेली मूठ तेवढी ग्राह्य.

या विचाराचा पूर्वज आपल्यापैकी पुष्कळांनी नकळत पाहिलेला आहे. मुंबईत वाढलेल्या, आता दिल्ली, कोलकाता किंवा बंगळूरला स्थिरावलेल्या वाचकांना लोकलच्या मोटरमनची केबिन आठवत असेल. त्याच्या हाताखालचा दांडा दाबून धरलेला असावा लागतो. हात सुटला की ब्रेक लागतो. इंग्रजांनी त्याला ‘डेड मॅन्स हँडल’, मृत माणसाचा दांडा, असे काहीसे अभद्र नाव दिले. नाव अभद्र असले तरी अचूक आहे. चालवणारा मेला किंवा बेशुद्ध पडला तर गाडीने काय करावे, या प्रश्नाचे ते उत्तर आहे. मात्र त्यात एक गृहीत दडलेले आहे, की मेलेला माणूस हात सोडतो. 31 जानेवारी 2003 रोजी ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये वॉटरफॉल या स्थानकाजवळ एक प्रवासी गाडी भरधाव वेगात वळणावर रुळांवरून उतरली आणि चालकासह 7 माणसे मेली. चालकाला हृदयविकाराचा झटका आला असावा, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. गाडीत मृत माणसाची व्यवस्था होती, पायाने दाबायची. पण चालकाच्या निर्जीव पायांच्या भारानेच ते पायपट्ट दाबलेले राहिले आणि गाडीला वाटले, चालक जिवंत आहे. दोन स्थितींच्या कळीला जिवंत पाय आणि मृत पाय यांतला फरक कळत नाही. तसाच सावध मूठ आणि भेदरलेली मूठ यांतलाही कळत नाही.

इथे कोणी विचारील की लाल बटण कशासाठी असते? पिवळ्या पार्श्वभूमीवरचे, भूछत्रासारखे, थापटी मारून दाबायचे ते आणीबाणीचे बटण प्रत्येक पेंडंटवर असतेच. ते हवेच, पण दोहोंचे काम भिन्न आहे. लाल बटण दाबण्यासाठी धोका ओळखावा लागतो, निर्णय घ्यावा लागतो आणि बोट एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी न्यावे लागते. ज्याची मूठ भीतीने आवळली गेली आहे त्याच्याकडून या तीन क्रियांची अपेक्षा करणे म्हणजे बुडणाऱ्याने आधी अर्ज लिहावा अशी अपेक्षा करणे होय.

हे सर्व ऐकत असताना माझे लक्ष हळूहळू त्या खोलीतून निघून सहा वर्षे मागे गेले होते. पूर्वेकडील एका औद्योगिक शहरात, दुसऱ्या एका कार्यालयात, मी याच भूमिकेत होतो. छताखालच्या सहा क्रेन तोपर्यंत तारेने लोंबणाऱ्या पेंडंटवरून चालवल्या जात. त्यांना गळ्यात अडकवायचे बिनतारी रिमोट बसवायचे होते. ऑपरेटरला ओझ्यापासून दूर उभे राहता येईल, हा त्यामागचा चांगला हेतू. त्या मसुद्यात एक वाक्य होते : हालचालीच्या बटणांखेरीज एक स्वतंत्र कळ असावी, ती दाबून धरल्याशिवाय हालचाल होऊ नये आणि ती पूर्ण दाबल्यासही हालचाल थांबावी.

शेवटचा भाग मला टंकलेखकाची चूक वाटली. दाबल्यावर चालते आणि आणखी दाबल्यावर थांबते अशी कळ कोणाला हवी असेल? मी समासात प्रश्नचिन्ह काढले. उत्तर आले ते असे की ‘सुरक्षेच्या दृष्टीने इष्ट’. ‘इष्ट’ या शब्दावर वित्त सदस्याचे विशेष प्रेम असते, कारण जे इष्ट आहे ते अनिवार्य नाही, असे त्याला लगेच लिहिता येते. ही कळ देणारा एकच पुरवठादार पुढे आला होता. मी दोन ओळींची टिप्पणी लिहिली : सदर अट स्पर्धा मर्यादित करणारी दिसते, ती वगळल्यास अधिक निविदा येतील व दर कमी होईल. अट वगळली गेली, निविदा अधिक आल्या, दर कमी झाला. वर्षअखेरच्या अहवालात त्या बचतीचा उल्लेखही झाला.

पुढच्या वर्षी एका पाळीत अपघात घडला. ओझ्याला पट्टा अडकवणाऱ्या मजुराला कार्यशाळांमध्ये ‘खलाशी’ म्हणतात. समुद्राशी त्याचा काही संबंध नसतो. हा खलाशी ठेकेदाराचा होता. तो पट्टा सरळ करीत असताना, इशारा चुकीचा समजून ऑपरेटरने हुक वर घेतला आणि पट्टा व लोखंड यांच्यामध्ये त्याचा उजवा हात सापडला. तर्जनी आणि मध्यमा गेली. चौकशी समितीचा निष्कर्ष एका ओळीचा होता : ऑपरेटरने खलाशी ओरडल्यानंतरही वेळीच बटण सोडले नाही, सबब निष्काळजीपणा. ऑपरेटरची वेतनवाढ रोखली गेली. माझ्याकडे ती फाइल केवळ भरपाईच्या हिशेबापुरती आली.

तो हिशेब मला पाठ आहे. तो भाग तेव्हा कर्मचारी राज्य विम्याच्या कक्षेत आलेला नव्हता, म्हणून 1923 चा भरपाईचा अधिनियम लागू होता. त्याच्या पहिल्या अनुसूचीत माणसाच्या देहाचे दरपत्रक होते. एका हाताची दोन बोटे गेली तर कमाईची शक्ती 20 टक्क्यांनी घटली असे धरायचे; तीन गेली तर 30; चारही गेली तर 50. एकटी तर्जनी 14 टक्के, करंगळी 7. वय 30 असेल तर गुणक 207.98. मासिक वेतन कितीही असले तरी हिशेबासाठी त्या काळी 8000 रुपयेच धरायचे आणि त्याचे 60 टक्के घ्यायचे. 4800 गुणिले 207.98, आणि त्याचा पाचवा हिस्सा : 1 लाख 99 हजार 661 रुपये. मी आकडेमोड तपासली, ती बरोबर होती, मी सही केली. सहा क्रेनमागे मी वाचवलेली एकूण रक्कम याहून कमी होती. हे त्या दिवशी माझ्या लक्षात आले नाही, कारण बचत एका फाइलीत होती आणि बोटे दुसऱ्या फाइलीत.

आता 2018 मध्ये, टेबलावरच्या पिनेकडे पाहताना, दोन्ही फाइली माझ्या मनात प्रथमच एकमेकींशेजारी आल्या.

पुढे पूर्वेकडे दौरा निघाला तेव्हा मी मुद्दाम त्या शहरात थांबलो. खलाशाला ठेकेदाराने फाटकावरच्या नोंदवहीचे काम दिले होते. माझे नाव त्याने डाव्या हाताने लिहून घेतले. अक्षर सावकाश पण सुवाच्य होते. मी ओळख सांगितली आणि विचारले, त्या दिवशी नेमके काय झाले? त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. तो म्हणाला, ‘‘साहेब, मी ओरडलो तेव्हा तो माझ्याकडेच पाहत होता. त्याचे डोळे पांढरे झाले होते. बटणावर अंगठा तसाच. तो सोडतच नव्हता. दुसऱ्याने येऊन त्याच्या हातावर मारले तेव्हा सुटले.’’ आणि थोडे थांबून म्हणाला, ‘‘त्याची चूक नाही. तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता.’’

चौकशी समितीने तीन बैठकांत जे शोधले नाही, ते या माणसाने एका वाक्यात सांगितले होते. रिमोटवर लाल बटण होते. पण ते दाबायला अंगठा आधी उचलावा लागतो. आणि ज्या कळीने आवळलेल्या मुठीचाच ‘थांब’ असा अर्थ लावला असता, ती मी वगळली होती. ती कळ असती तर बोटे वाचली असतीच, असे मी म्हणणार नाही. पट्टा ताणला जायला वेळ लागत नाही. पण ऑपरेटरची भीती त्याचा अपराध ठरली नसती, एवढे निश्चित.

प्रशासनाचा सगळा व्यवहार शांत माणसाला गृहीत धरून चालतो, असे मला त्यानंतर वाटू लागले. आपली परिपत्रके ‘दक्षता घ्यावी’, ‘खबरदारी बाळगावी’, ‘त्वरित कळवावे’ अशी क्रियापदे वापरतात. ही खुर्चीत बसलेल्या माणसाची क्रियापदे आहेत. 1948 च्या कारखाना अधिनियमाच्या 24 व्या कलमात आणीबाणीच्या वेळी वीज तोडण्याची ‘योग्य साधने’ असावीत, असे म्हटले होते. 21 नोव्हेंबर 2025 रोजी अमलात आलेल्या 2020 च्या संहितेने तो जुना अधिनियम पोटात घेतला. अवजड उद्योग मंत्रालयाने ऑगस्ट 2024 मध्ये यंत्रांच्या सुरक्षेविषयी मानकांवर आधारलेला एक व्यापक आदेश काढला आणि पुढच्या वर्षी त्याच्या अंमलाची तारीख पुढे ढकलली. कायदा बदलत राहील. ‘योग्य’ म्हणजे काय हे मात्र शेवटी कोणत्या तरी निविदेच्या मसुद्यात, कोणी तरी समासात काढलेल्या प्रश्नचिन्हापाशी ठरते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर कळ बसवली की काम झाले असा गैरसमज होईल. एका कारखान्याच्या भेटीत मी पेंडंटचा हाच तीन स्थितींचा स्विच चिकटपट्टीने मध्यावर बांधलेला पाहिला. पट्टी इतक्या कौशल्याने गुंडाळलेली की मूठ आवळली तरी तो पुढे जाणार नाही. व्यवस्थापक संतापले, कारणे दाखवा नोटिसा निघाल्या. मी तो पेंडंट हातात घेऊन दहा मिनिटे उभा राहिलो. पहिल्या पाच मिनिटांत बोटे भरून आली. तो वजनदार होता, स्प्रिंग ताठर होती आणि ज्याला पूर्ण पाळीभर बिंदू शिकवायचे आहेत त्याच्या हातांचा विचार ती स्प्रिंग निवडणाऱ्याने केला नव्हता. जर्मनीत धातुकामातील यंत्रांची पाहणी करून 2006 साली एक अहवाल प्रसिद्ध झाला होता. एक तृतीयांशाहून अधिक संरक्षक साधने तात्पुरती किंवा कायमची निकामी केलेली असतात, असे त्यात आढळले. शिस्तीसाठी नावाजलेल्या देशात ही अवस्था. तिथल्या तज्ज्ञांनी त्यावरून कामगार बेशिस्त आहेत असा निष्कर्ष काढून हात झटकले नाहीत. साधन निकामी करण्याचा मोह का होतो, हे त्यांनी विचारले. पुढे कुंपणाच्या दारांवरील कुलपांच्या आंतरराष्ट्रीय मानकातही हा मोह कमी होईल अशी रचना करण्याची अपेक्षा आली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हे निराळे सांगावे लागत नाही. जिथे पुष्कळ माणसे एकच नियम मोडतात तिथे ती चिकटपट्टी म्हणजे किंमत चुकीची लावल्याची सूचना असते. नोटीस काढणे म्हणजे ती सूचना फाडून टाकणे.

किंमत चुकीची लागते ती आणखी एका कारणाने. कळ घेणाऱ्याला तिचा खर्च आजच दिसतो. बोटांचा खर्च केव्हा तरी, कोणाला तरी, दुसऱ्याच लेखाशीर्षाखाली पडतो. ठेकेदार बदलतो, अधिकाऱ्याची बदली होते. हरियाणातील वाहनांच्या सुट्या भागांच्या पट्ट्यात पॉवर प्रेसवर बोटे गमावणाऱ्या कामगारांच्या नोंदी काही वर्षांपासून एक स्वयंसेवी संस्था चिकाटीने प्रसिद्ध करीत आहे. त्या वाचताना वाटते की आपल्याकडे अपघात लपत नाहीत. ते फक्त ज्याने निर्णय घेतला त्याच्या टेबलावर परत येत नाहीत. माझ्या टेबलावर ते आले, आणि तेही रजिस्टर आपटण्याच्या निमित्ताने. असो.

रोबोच्या निविदेत ती अट राहिली. पुरवठादाराची विनंती नाकारताना कारण नमूद करावे लागते. मी लिहिले : ‘घाबरलेला माणूस कळ सोडतोच असे नाही; तो ती आवळूही शकतो. सबब तीन स्थिती अनिवार्य.’ समितीच्या अध्यक्षांनी ही भाषा कार्यालयीन नाही असे म्हटले, पण खोडली नाही.

दुसरे पत्र मी पूर्वेकडच्या कार्यालयाला लिहिले. त्या खरेदीतून सदर अट वित्त सदस्य म्हणून माझ्या शिफारशीने वगळली गेली होती, ही बाब चौकशी समितीसमोर आलेली नव्हती. तरी ऑपरेटरच्या शिक्षेचा फेरविचार व्हावा, असे त्यात होते. असले पत्र लिहू नये, असे मला दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांनी आपुलकीने सांगितले. सात महिन्यांनी उत्तर आले. प्रकरण निकाली निघाले असल्याने फेरविचार करता येत नाही. मात्र क्रेनचे रिमोट बदलताना आपली सूचना विचारात घेतली जाईल. मी ते उत्तर त्या ऑपरेटरच्या घरच्या पत्त्यावर, माझ्या पत्राच्या प्रतीसह, पाठवून दिले. वेतनवाढ मी मिळवून देऊ शकलो नाही. निदान त्याच्या घरात तो कागद असावा, ज्यावर लिहिलेले आहे की त्या दिवशी चूक एकट्या त्याच्या अंगठ्याची नव्हती.